कोपराचा कान

माझ्या टेबलावरच्या पडद्यावर एकशे बारा ओळी असायच्या. प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचं तरी कोपर नाहीतर कुणाचा तरी गुडघा. सकाळी आठला चहा घेऊन मी त्या बघत बसायची, लोक पेपर वाचत बसतात तशी. सदतीस नंबरचा गुडघा एका फरशी बसवणाऱ्याचा. तो आठ वाजून दहा मिनिटांनी जमिनीला टेकायचा. चौसष्ट नंबरच्या बाई संध्याकाळी साडेपाचला प्रार्थनेला गुडघे टेकायच्या, रविवारी जरा जास्त वेळ. नव्वद नंबरचा कॉलेजचा मुलगा अभ्यास करतो असं आईला सांगायचा, पण त्याचं कोपर दिवसभर टेबलाला लागायचं नाही. एवढ्या लोकांचं एवढं खासगी मला ठाऊक होतं, आणि मी कुठे राहते हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहते, एकटी, मेसच्या डब्यावर. तक्रार नाही. पण सुट्टीच्या दिवशीही मी त्या ओळी बघायला यायची, यावरून काय ते समजा.

मी रेवती कुंभोजकर. मिरजेत हाडांची डॉक्टर आहे, वय त्रेपन्न. गेली सहा वर्षं माझा सगळा जीव एका पिशवीत अडकला होता, त्या पिशवीबद्दल आधी सांगते.

कोपराच्या टोकाला हात लावून बघा. वर कातडी, खाली लगेच हाड. कातडी हाडाला थेट चिकटलेली असती तर हात वाकवताना दरवेळी ताणली गेली असती. म्हणून मध्ये एक चपटी, रिकामी पिशवी असते. आम्ही तिला बर्सा म्हणतो. आत वंगणाचा थेंबभर ओलावा. तिच्या दोन भिंती एकमेकींवरून घसरतात आणि वरची कातडी सुखाने सरकते. गुडघ्याच्या वाटीवर अशीच दुसरी. माणूस पडतो तो याच दोन जागांवर, म्हणून मार लागून फुटतात त्या याच पिशव्या. जखमेतून खडी आत जाते, पू होतो.

जुनी शस्त्रक्रिया सरळ होती. जखम धुवायची, खडीचा कण न् कण वेचायचा, फाटकी पिशवी सोलून काढायची, नळी ठेवायची, कातडी शिवायची, आणि दोन आठवडे हात पट्टीत. पुढे शरीर स्वतःच एखादी ओबडधोबड पिशवी करून घेतं. कधी करतं, कधी नाही. नाही केली तर कोपर टेकताना हाड टोचतं, आणि गुडघ्यांवर बसून पोट भरणाऱ्याचं काम सुटतं.

आम्ही नवी पिशवी बसवायला लागलो. फाटक्या पिशवीचा एखादा स्वच्छ तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, आणि रेशमाच्या प्रथिनापासून केलेल्या पातळ साच्यावर फवारायच्या. वीस मिनिटांत, त्याच टेबलावर, पिशवी तयार. आत जेल भरायचं. हळू दाबलं तर मऊ लागणारं, आणि धक्का बसला, थरथर आली, तर ती गिळून टाकणारं. साच्यातच औषध, म्हणजे पू होत नाही. आणि केसाहून बारीक एक तार, जी पिशवीवरचा दाब मोजून माझ्या पडद्यावर पाठवते. वॉर्डात सगळे हिला उशी म्हणायचे. एकशे अकरा उशा बसवून झाल्या होत्या आणि एकही काढावी लागली नव्हती. एकशे बारावी झाली, वर्षभर नीट राहिली, की समिती सगळ्या देशासाठी मान्यता देणार होती.

एकशे बारावे दस्तगीर चाचा. वय अडुसष्ट, मिरजेतले सतारीचे कारागीर, त्यातही जवारीचे. सतारीची तार ज्या हाडाच्या पट्टीवरून जाते तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानशीने अगदी केसभर घासत घासत असा उतार द्यायचा की तार तिला हलकीशी स्पर्शत राहते आणि आवाज गुंजतो. हीच जवारी. मोजमाप नाही, फूटपट्टी नाही, सगळं काम ऐकून. दूरदूरचे वादक आपल्या सतारी चाचांकडे जवारीला पाठवायचे. माणूस मात्र घुम्या. दुकानात हाक मारली तरी वळत नाहीत, रस्त्यात सलाम केला तरी निघून जातात. मोठा कारागीर, मग्रुरी असायचीच, असं गल्लीत म्हणत.

नव्या रस्त्याच्या खडीवर त्यांची स्कूटर घसरली आणि उजवं कोपर हाडापर्यंत फाटलं. दंडात इंजेक्शन देऊन हात बधिर केला. चाचा टेबलावर जागे होते. मागच्या साथीपासून आमच्याकडे हॉस्पिटलभर मास्क सक्तीचा आहे, आणि ऑपरेशनला तर काय, टोपी, मास्क, चष्मा, माणसाचं नाकसुद्धा दिसत नाही. जखम उघडून बघितल्यावर रुग्णाला पुन्हा एकदा विचारायचं, असा चाचणीचा नियम होता. मी विचारलं.

"चाचा, दोन मार्ग आहेत. फाटकी पिशवी नुसती काढून टाकू, की नवी बसवू?"

चाचांनी मान डोलवली.

"नवी बसवते मग."

त्यांनी परत मान डोलवली. ब्रदर शांतवन त्यांचा डावा हात धरून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, पण बोलला काही नाही. हे की ते असं विचारल्यावर माणूस मान कशी डोलवेल, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. मला नवी पिशवी बसवायची होती. मी बसवली.

जखम सुरेख भरली. चाचांना मधुमेह, कातडी कागदासारखी पातळ, तरी टाक्याची रेघसुद्धा धड दिसेना. तपासणीला आले की मी विचारायची, "दुखतं का?" मान डोलायची. "नाही ना दुखत?" मान डोलायची. खडूस म्हातारा, मी मनात म्हणायची.

दोन महिन्यांनी त्यांची ओळ लाल व्हायला लागली. वीस मिनिटांच्या वर कोपरावर जोर पडला की ओळ लाल होते. चाचांचं कोपर रोज सकाळी अकराला टेकायचं आणि एकपर्यंत उठायचं नाही. दाब रोज थोडा वाढत होता. टेबलावर कोपर टेकून बसणारा माणूस असा जोर लावत नाही; हे मुद्दाम चाललं होतं. मी फोन केले, उचलले नाहीत. "कोपर टेकू नका" असा मेसेज टाकला. "बरं" असं उत्तर आलं, आणि दुसऱ्या दिवशी अकराला ओळ लाल.

"मॅडम," शांतवन म्हणाला, "तुम्ही बोलता तेव्हा तो माणूस ऐकत नाही. नुसता बघतो."

"म्हणजे मग्रूरच की."

"तसं नाही वाटत मला," तो म्हणाला आणि ड्रेसिंगची गाडी ढकलत गेला.

गुरुवारी दुपारी मला सुट्टी असते. त्या गुरुवारी जरा लवकरच निघून मी साडेबाराला सतारवाल्यांच्या गल्लीत गेले, चांगलं झापायचं असं ठरवून. चाचांचं दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. चाचा दाराकडे पाठ करून बसले होते. सतार आडवी ठेवलेली, उजवं कोपर तिच्या भोपळ्यावर रोवलेलं, आणि त्याच हाताचा तळवा उजव्या कानावर घट्ट दाबलेला. डाव्या हाताने त्यांनी तार छेडली. थांबले. कोपर जरा सरकवलं, अंगाचा सगळा भार त्यावर घातला, परत छेडली. मी तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तर ओरडलेच. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघून गेला, पण चाचा हलले नाहीत.

मी आत पाऊल टाकलं तेव्हा माझी सावली सतारीवर पडली. चाचा दचकून वळले. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही, तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डॉक्टरबाई?" ते म्हणाले. "तुमचं तोंड आज पहिल्यांदा दिसलं."

मी खालीच बसले, भुशात. झापायचं सगळं विसरले.

"किती ऐकू येतं?" मी सावकाश विचारलं.

"कानानं? काय बी न्हाई. सहा वर्षं झाली. तोंड दिसलं की बोलणं कळतंय."

"आणि जवारी?"

त्यांनी कोपर वर केलं. "हे होतं की."

मग त्यांनी सांगितलं. कान गेले तेव्हा एकदा वैतागून त्यांनी भोपळ्यावर कोपर टेकलं आणि कपाळाला हात लावून बसले होते. मांडीवरची सतार सहज छेडली गेली, आणि तार ऐकू आली. भोपळ्यातून कोपराच्या हाडात, हाडातून हातात, हातातून डोक्यात. शास्त्र बरोबर होतं. कानाचा बाहेरचा रस्ता बंद पडला तरी आतला कान शाबूत असतो, आणि हाडं त्याला थेट आवाज पोचवतात. चाळीस वर्षं पाटावर टेकून टेकून चाचांची जुनी पिशवी दाट, कडक झालेली होती, हाडाचाच भाग असल्यासारखी. तिच्यातून आवाज चांगला जायचा. आणि मी तिच्या जागी काय बसवलं होतं, तर थरथर गिळून टाकणारी उशी.

"यंत्र का नाही लावत?"

"लावलं की. बोलणं उचलतंय, जवारीला गोंगाट समजून पुसून टाकतंय. वर कानात घातलं की गल्लीला दिसतंय, म्हणून काढून ठिवलं. फोनवर तर बोललेलं लिवून पण येतंय. जवारी कशी लिवणार?"

"डावं कोपर?"

"लहानपणी मोडलंय. कानापर्यंत पोचत न्हाई."

"दात टेकून?"

"कवळी हाय."

"कपाळ?"

"मग घोडी कोण बगणार? तुमी?" ते हसले. "गुडघा पण इचारा. त्याचा हात कानाला लागंल काय बगू."

मीही हसले. मग विचारलं, "गल्लीत कुणाला ठाऊक आहे?"

"बहिऱ्याकडं जवारीला सतार कोण देतंय?" ते म्हणाले. "बायकोला ठाव होतं. ती मागं उभी ऱ्हायची, कोण आलं, कुणी हाक मारली, खांद्यावर बोट टेकून सांगायची. चार वर्षं झाली तिला जाऊन. आता तुमाला ठाव हाय."

चार सतारी परत आल्या होत्या, आवाज बसका आहे म्हणून. इतक्या वर्षांत एक आली नव्हती. म्हणून ते रोज दोन तास उशी दाबून दाबून तिच्या पलीकडचं हाड गाठायला बघत होते.

"ही काढा," ते म्हणाले. "टेबलावर तुमी काय इचारलं ते मला दिसलंच न्हाई. मान डोलवायची सवय हाय मला. चूक माजी हाय. पण काढा."

मी नाही म्हटलं. लिहूनच टाकते, कारण ते खरं आहे. कारणं सगळी चांगली होती. मधुमेह, पातळ कातडी. एकदा फाटलेल्या जागी परत चिरलं तर जखम मिटेलच असं नाही, नाही मिटली तर दुसरीकडची कातडी आणून लावावी लागेल, हात आखडेल, आणि मग तळवा कानापर्यंत कधीच जाणार नाही. हे सगळं मी त्यांना नीट, तोंड दिसेल असं सांगितलं. एकशे बारा उशांतली एक धडधाकट असताना काढली तर मान्यता लांबेल, हे सांगितलं नाही. ते मला रिक्षात आठवलं, आणि रिक्षात मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चाचांची ओळ हिरवी होती. अकरा वाजले, साडेअकरा, बारा. कोपर टेकलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तीन आठवडे ती ओळ सपाट राहिली. एकशे बाराजणांत इतका आज्ञाधारक रुग्ण दुसरा नव्हता, आणि मी रोज अकराला हातातलं काम टाकून पडद्यासमोर येऊन बसत होते, आता टेकेल, आता टेकेल म्हणून. फरशीवाल्याचा गुडघा आठ दहाला टेकत होता, बाईंची प्रार्थना साडेपाचला होत होती. माझं कुणाशीच काही बोलणं झालेलं नव्हतं, कितीतरी दिवस, हे मला त्या सपाट ओळीमुळे कळलं. मला फार एकटं वाटलं, आणि तो माणूस सहा वर्षं याच्या किती आत राहत असेल, तेही कळलं.

"दुकान बंद केलं त्यांनी," शांतवन म्हणाला. त्याचं घर त्याच बाजूला आहे. "सगळ्यांच्या सतारी परत पाठवल्या. दारात बसून असतात. आता तर कुणाकडे बघतही नाहीत."

"तू त्या दिवशी टेबलापाशी काही बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत तर बोललो असतो," तो म्हणाला. रागावून नाही, साधंच.

चाचांना मी बोलावून घेतलं. ओपीडीत नाही, आवारात लिंबाच्या झाडाखाली बाक आहे तिथे. मास्क काढून खिशात ठेवला. समोर बसले, उन्हाकडे तोंड करून. चिरलं तर काय होईल, नाही चिरलं तर काय होईल, सगळं परत सांगितलं. मान्यतेचंही सांगितलं. मग तोच प्रश्न विचारला, पण या वेळी दोन भाग वेगळे करून.

"उशी ठेवायची?"

"न्हाई," चाचा म्हणाले.

"काढायची?"

"काढा. जखम न्हाई मिटली तर तुमच्यावर न्हाई. माज्यावर."

ऑपरेशनला पाऊण तास लागला. पारदर्शक तोंडाचा एक मास्क शांतवनने कुठून तरी पैदा केला होता, लहान मुलांच्या वॉर्डातला, कडेला बदकं छापलेला. तो घालून मी चिरलं. उशी बघण्यासारखी झाली होती, अस्तर गुळगुळीत, एक पेशी इकडची तिकडे नाही. माझं इतकं चांगलं काम मी आधी कधी काढून फेकलं नव्हतं. जागा धुतली, नळी ठेवली, कातडी ओढूनताणून शिवली. पडद्यावर एकशे अकरा ओळी राहिल्या.

समितीचा फॉर्म होता. पिशवी का काढली, त्यासाठी पाच चौकोन: जंतुसंसर्ग, गळती, शरीराने नाकारणे, वेदना, इतर. मी 'इतर'वर खूण करून खाली लिहिलं, 'पिशवीत दोष नव्हता. ती उत्तम काम करत होती. संमती घेताना रुग्णाला माझं तोंड दिसत नव्हतं आणि त्याने दिलेलं उत्तर उत्तर नव्हतं. दोष माझा.' मान्यता वर्षभर पुढे गेली. समितीतले एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "मॅडम, वेदना म्हणून लिहायचं होतं, कुणी विचारलं नसतं." मी त्यांना म्हटलं, मी विचारलं असतं.

जखम लवकर मिटली नाही. एका कोपऱ्यात गव्हाएवढं भोक राहिलं, त्यातून पाणी यायचं. अकरा आठवडे शांतवन रोज घरी जाताना ड्रेसिंग करत होता. बाराव्या आठवड्यात भोक मिटलं. हात पूर्ण वाकत होता. पुढे काय झालं ते कळायला माझ्याकडे आता काही साधन नव्हतं. अकरा वाजले की मी सवयीने पडद्याकडे बघायची, आणि एकशे अकराव्या ओळीखाली नुसती पांढरी जागा.

महिन्याभराने मेसेज आला. 'गुरुवारी या. कोपर घेऊन या.'

दुकान उघडं होतं. भिंतीला नव्या-जुन्या सहा सतारी टेकवलेल्या. समोरचा दुकानदार स्वतः उठून आला, चाचांच्या समोर जाऊन उभा राहिला, तोंड दाखवून म्हणाला, "चाचा, डॉक्टरबाई आल्यात," आणि परत गेला. मी चाचांकडे बघितलं.

"सांगून टाकलं गल्लीला," ते म्हणाले. "दोघं सतारी घेऊन गेले. बाकीच्यांनी ठेवल्या."

"कोपर दुखतं?"

"टेकलं की टोचतंय. टोचलं की ऐकू येतंय." त्यांनी समोरचा पाट दाखवला. "बसा."

मी बसले. त्यांनी सतार माझ्यापुढे आडवी ठेवली, माझं उजवं कोपर धरून भोपळ्यावर टेकवलं, तळवा कानावर ठेवायला लावला, आणि डाव्या हाताचं बोट दुसऱ्या कानात घालायला सांगितलं. मग तार छेडली. कुठून तरी लांबून बारीक कुरकुर आली, बस. चाचा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढी जखम, एवढे महिने, आणि आता यांना काय सांगायचं? मी मान डोलवली.

त्यांनी तारेवर बोट ठेवून ती बंद केली.

"मान डोलवू नका, डॉक्टरबाई. ते मी लई केलंय. ऐकू आलं न्हाई तर न्हाई म्हणा."

"नाही आलं," मी म्हटलं.

"मांस टेकलंय तुमचं. हाड टेका. जरा दुखंल."

त्यांनी माझं कोपर बोटभर सरकवलं आणि वरून दाबलं. खरंच दुखलं. मग त्यांनी तार छेडली, आणि ती हातातून वर आली. तळव्यात नव्हती, कानात नव्हती, थेट डोक्याच्या मधोमध उघडली, आणि तिच्यातून दुसरी, दुसरीतून तिसरी, गुंजत राहिली, इतकी वर्षं माझ्याजवळ कुणी आलं नव्हतं इतक्या जवळ. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

"आता?" चाचांनी विचारलं.

मी तोंड त्यांच्याकडे वळवलं, उजेडात, आणि त्यांना दिसेल असं सावकाश म्हटलं, "आलं."